आरती कोण पळवतं?

ब्राउझर उघडायचा, त्यात कोडच्या ओळी लिहायच्या आणि त्या ओळींतून ढोलकी वाजवायची, हा माझा नाद. मागच्या गणपतीत लालबागच्या आमच्या चाळीतल्या आरतीसाठी मी असाच एक ठेका लिहिला, स्पीकरवर लावला आणि नेहमीसारखी टाळ घेऊन उभी राहिले. दुसऱ्या कडव्यालाच माणसं पुढे पळाली आणि ठेका मागे राहिला. दरवर्षी ढोलकी वाजवणाऱ्या शेजारच्या काकांनी स्पीकर बंद केला.

"गो बाय, तुझा मशीन दमला!"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. आरती पळवायची यांनी आणि हसायचं मला? पळवणारा कोण, ते शोधूनच काढायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मखरामागे मोबाइल ठेवून आरती रेकॉर्ड केली. प्रत्येक ओळीचा वेग मोजला. कोडमध्ये सगळ्या आरतीला मिळून एकच आकडा होता. तो खोडून ओळीगणिक वेगळा लिहिला. तीन दिवस हेच चाललं होतं. आता ठेका माणसांबरोबर पळू लागला, पण मला गुन्हेगार हवा होता.

तोही सापडला. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी एक टाळ सगळ्यांच्या आधी सुटत होता. आवाज फुटका, तडा गेल्यासारखा. पुन्हा पुन्हा ऐकला.

तडा गेलेला टाळ चाळीत एकच आहे. लहानपणापासून त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.