लघवीला तर होतंय ना

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ताईला पंधरावं सरलं होतं, आणि पाळीचा पत्ता नव्हता. दर महिन्याला मात्र ती पोट धरून गडाबडा लोळायची. मग बेंबीखाली पोट दिसायला लागलं आणि पंचवटीतल्या आमच्या गल्लीला विषयच मिळाला! आत्याने तर तोंडावर विचारलं, "कुणाचं गं हे?" ताई रडली नाही. तिला प्रश्नच कळला नव्हता.

आई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. बरोबर मलाही ओढलं, कारण गल्लीत सांगितलं होतं की धाकटीचा कान फुटलाय.

डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं. म्हणाल्या, "पोर चांगली आहे हो. पाळी येते, पण वाटेच्या तोंडाशी पडदा बंद आहे, म्हणून रक्त आतच साठतंय. बारीकशी चीर दिली की मोकळी होईल."

"बंद कशी असंल? लघवीला तर होतंय ना!"

बाईंनी तीन बोटं वर केली. "लघवीची वाट वेगळी, पाळीची नि बाळाची वेगळी, शौचाची वेगळी. तीन असतात."

आई हसतच सुटली. "पाच लेकरं काढलीत मी. मला नका शिकवू!"

बाहेर आल्यावर मात्र तिचं हसू गेलं. "लग्नाच्या पोरीचा पडदा कापायचा म्हणे! उद्या सासरी काय सांगू?" वडिलांना, आप्पांना, तिने वाताचा गोळा असल्याचं सांगितलं. एरंडेल झालं, विटेचा शेक झाला. शेवटी पेठ तालुक्याकडचा एक पोट चोळणारा आणला. तो दोन्ही हातांनी दाबायचा आणि ताई ओरडायची, आणि आई म्हणायची, "सोस बाई, सुटतोय गोळा."

ताप चढला तेव्हा पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. आत पू झाला होता. ताई जगली, पण पिशवी काढावी लागली. ज्या लग्नासाठी तो मेला पडदा जपला, ते लग्न कधी झालंच नाही. बारशाला तिला कुणी बोलवत नसे. मला आईचा संताप यायचा, अजून येतो.

आणि माझी अक्कल तरी काय! इतकं घडूनही डोक्यात आईचीच एक वाट बसलेली. पुढे माझ्या बाळंतपणात लघवी अडली, नर्सने नळी घातली, तर मी किंचाळले, "अहो काढा ती! बाळ कुठून येणार?"

"त्याची वाट वेगळी असते बाई," नर्स म्हणाली. "एवढंही ठाऊक नाही?" आणि गेली.

आई उशाशी बसली होती. ताई माझी कंबर दाबत होती. मग ताईकडे न बघताच तिने विचारलं, "तवा ती डॉक्टरीण हेच सांगत होती का गं?"

"हेच," ताई म्हणाली, आणि माझी कंबर दाबत राहिली.