इंजिनाला लावलेलं तूप

"हात तर सगळे हिचेच लागलेत. गुरुजी, शिंपडा जरा जास्त."

साहेब असं म्हणाले आणि पाहुणे खदाखदा हसले. गुरुजींनी तांब्यातलं पाणी इंजिनावर शिंपडलं. चार थेंब माझ्या तोंडावर उडाले. मी ते पुसलेही नाहीत.

इंजिन माझं. दिंडोरी रस्त्याला आमच्या कंपनीची शेड आहे, तिथे आम्ही रॉकेटचं इंजिन बनवलं. आराखडा माझा, माणसं माझ्या हाताखालची. आज ते पहिल्यांदा पेटणार होतं. पूजेला प्रमुखानं बसायचं असतं म्हणून मघाशी मी पाटाकडे गेले, तर गुरुजींनी गोत्र विचारलं.

"आमच्यात गोत्र नसतं. मी पेठकडची. कोकणा आदिवासी."

गुरुजींनी साहेबांकडे पाहिलं. "अगं, तू राहू दे," साहेब म्हणाले, आणि माझ्याच हाताखालच्या एका इंजिनिअरला त्यांनी बसवलं. तोही बसला, मुकाट.

असलं मी पुष्कळ गिळलंय. हॉस्टेलवर, "तुमच्यात उंदीर खातात ना गं?" कॉलेजात, "कोट्यातली." नोकरीत, "हुशार आहेस हं, वाटत नाही." प्रत्येक वेळी हसून घेतलं. थू त्या हसण्यावर!

मग गुरुजींनी तुपात कुंकू कालवलं आणि इंजिनावर स्वस्तिक काढलं. तूप ओघळत ऑक्सिजनच्या उघड्या नळीत उतरलं. मला शिसारी आली. ती नळी आम्ही आठवडाभर धूत होतो, हातमोजे घालून. आत बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही. द्रव ऑक्सिजनला तूप लागलं की भडका. आणि हे लोक माझा हात धुऊन काढायला निघालेले!

"चला, पेटवा," साहेब म्हणाले.

"नाही पेटवणार. इंजिन विटाळलंय."

साहेब माझ्याकडे वळले.

"काय बोलतेस? आत्ता पूजा झाली!"

"त्या पूजेनंच विटाळलं. नळीत तूप गेलंय. माणसं मरतील."

साहेब जवळ आले. दात आवळून म्हणाले, "पाहुण्यांसमोर तमाशा नको. तुझ्यासारखीला आम्ही उभं केलं, विसरू नको. नळी पुस आणि पेटव. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"पुसून जात नाही ते. सगळं खोलून धुवावं लागेल. आणि मला कुणी उभं केलेलं नाही."

पेटवायची किल्ली मी खिशात घातली. पाहुणे चहा न घेताच गाड्यांत बसले.

उद्या सकाळी मी शेडवर जाणार आहे. फाटक लावलं असेल तर फाटकासमोर उभी राहीन. काढायचं तर लेखी काढा, कारण लिहून काढा. मी आता सरकायची नाय.