साडूच्या गाडीचे पट्टे

माझ्या साडूची जुनी काळी गाडी मोरव्याला सासुरवाडीच्या दारात उभी राहिली की माझ्या पोटात भट्टी पेटायची. तिला ना डिझेल लागायचं ना कोळसा, सासूबाईंचं कौतुक पुरायचं. "गाडी हाय का रथ हाय!" असं त्या म्हणायच्या. आणि मी, थोरला जावई, अर्ध्या महाराष्ट्राची ताटं-वाट्या भाईंदरच्या गाळ्यात घडवणारा माणूस, कोपऱ्यात बसून गार चहा गिळायचो.

गेल्या हिवाळ्यात तोच रथ माझ्या गाळ्यासमोर आला. पेट्रोलची टाकी डिकीखाली दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. ते पट्टे असे गंजले होते की मी नुसतं रोखून बघितलं आणि एक पापडासारखा मोडला.

"साडूभाऊ, रविवारी मीरा रोडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, पहिल्या गाडीला कप आहे. पट्टे कुठेच मिळत नाहीयेत. आता तुम्हीच वाचवा."

तुम्हीच! लग्न झाल्यापासून हा शब्द ऐकायला माझे कान तरसले होते.

"करतो. पण पट्टे कोणी केले ते चारचौघांत सांगायचं."

"अहो, माइकवरून सांगतो!"

मग मी जीव ओतला. खोक्याचा पुठ्ठा टाकीभोवती गुंडाळून माप घेतलं. लोखंड पुन्हा गंजणार, म्हणून अस्सल स्टीलची पट्टी कापली, टाकीच्या बाकाप्रमाणे वाकवली, टोकाला बोल्टसाठी कडी वळवली, आतून रबर लावलं. जुन्या पट्ट्यावर मधोमध उठलेली रेघ होती, तीही केसाच्या फरकानं चुकू दिली नाही. शेवटी मशीनवर घासून चकाकी आणणारं बफिंग. आमच्याकडे स्टीलची वस्तू बफ न करता बाहेर काढली तर शेजारचे गाळेवाले घरात कोणी गेलंय का विचारतात. पट्टे असे चमकले की घोडबंदरच्या हायवेवरून ट्रकवाल्यांनी भरदिवसा डिपर मारले.

साडू म्हणाला, "वा! काय काम आहे!" आणि त्यानं डिकीतून काळ्या रंगाचा स्प्रे काढून माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही पट्टे रंगवून टाकले. "मूळचे काळेच होते ना."

मी पट्टे टाकीवर चढवून बोल्ट आवळले. म्हटलं, माइक आहे ना.

रविवारी परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले, ते हर्षवायू झाल्यासारखे बाहेर आले. "टाकीचे पट्टेसुद्धा कंपनीचे? कुठे मिळाले?"

माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण उडून शेजारच्या गाडीच्या काचेवर आपटलं.

साडू हसला. "मिळाले कुठून, होतेच. फक्त रंग दिला."

भंगारवाले स्टील म्हणून लोखंड खपवतात, म्हणून आम्हा गाळेवाल्यांच्या खिशात कायम चुंबक असतो. तो काढला आणि नव्या पँटसकट गाडीखाली आडवा झालो.

"साहेब, कंपनीचा पट्टा लोखंडाचा. त्याला चुंबक चिकटायला हवा की नको?"

"हवा."

लावला. टपकन माझ्या नाकावर पडला. दुसऱ्या पट्ट्याला लावला, तिथूनही पडला.

"साडूभाऊ, काय करताय!" साडू ओरडला.

"माइकची वाट बघून दमलो!" मी खालूनच म्हणालो.

कप दुसऱ्याच गाडीला गेला. पण मला लोकांनी असं घेरलं की जणू मीच नवरदेव. "काका, आमच्या गाडीलाही असेच पट्टे करून द्या ना!" हे सगळं बायकोनं बघावं म्हणून मी मान उंच करून शोधलं, तर बाईसाहेब साडूच्या गाडीत, पुढच्या सीटवर.

"अहो, भाऊजींचा कप गेलाय. किती उतरलंय तोंड! मी त्यांच्यासोबत आईकडे जाते. तुम्ही रिक्षानं या."

गाडी मोरव्याच्या दिशेनं निघाली. रस्त्यावर मोठा खड्डा होता. त्यात गाडी दाणकन आदळली, पण टाकी तसूभर हलली नाही. ताकद लावून बोल्ट आवळताना एखादा जरासा सैल ठेवायला माझे हात झडले होते का?