दादाचा तिळगूळ

संक्रांतीला कुणी हातावर तिळगूळ ठेवला की मी आधी त्याचं तोंड निरखते, मग खाते. लोकांना वाटतं, बाई खडूस आहे. आहेच.

माझा थोरला भाऊ होटगीला रेल्वेत नोकरीला होता. त्याला मूडचा आजार होता. कधी महिनाभर पायाला भिंगरी, अखंड बडबड, सगळ्या गल्लीशी भांडणं. मग दोन-दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आम्ही आधी त्याला तिरसट म्हणालो, मग आळशी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा निम्मं आयुष्य सरलं होतं. त्यांनी आणखी एक बजावलं होतं, "इतके दिवस पडून असलेला माणूस एकाएकी शांत, हसरा झाला तर तडक मला फोन करा." आम्ही माना डोलावल्या.

त्या संक्रांतीला दादा आपणहून उठला, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मला म्हणाला, "चल की गं, समद्यांना तिळगूळ देऊन येऊ." स्कूटरवर डबा धरून मी मागे बसले. ज्या शेजाऱ्याशी सात वर्षं अबोला होता, त्याच्या हातावर दादानं तिळगूळ ठेवला. "लई बोललो तुमाला. मनात ठिवू नका." म्हातारा रडला. संक्रांतीला हेच तर करायचं असतं, रुसवे सोडायचे, गोड बोलायचं. असे अकरा उंबरे झाले. शेवटी घरी येऊन माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "तू लई केलंस माझं," म्हणाला.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" मी चिडवलं. डॉक्टरांचा नंबर माझ्या मोबाइलमध्येच होता. पण माणूस बरा झाला म्हणून दवाखान्यात कोण फोन करतं?

चौथ्या दिवशी दादानं जीव दिला.

लोक म्हणाले, सगळ्यांची माफी मागून समाधानानं गेला. मला त्या बोलण्याचा अजून संताप येतो. कसलं समाधान? आजारानं नेलं त्याला. तो अकरा दारांत निरोप घेत फिरला आणि डबा मी धरला होता.

हा आजार त्याच्या मुलीतही उतरला. गेल्या वर्षी ती दोन महिने अंथरुणातच होती. संक्रांतीला काळी साडी नेसून, हसत माझ्या दारात आली. "आत्या, तिळगूळ घे."

मी हात पुढे केला नाही. सरळ विचारलं, "मरायचं येतंय का गं मनात?"

तिनं डबा खाली ठेवला. "व्हय आत्या," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर कोसळली.

तिला धरूनच मी डॉक्टरांना फोन लावला. पुढे कितीतरी दिवस तिला एकटं सोडलं नाही. आता औषधं चालू आहेत. परवा चहात साखर कमी पडली म्हणून माझ्याशी कडाकडा भांडली. फार बरं वाटलं.

एवढंच दादालाही विचारता आलं असतं. त्या दिवशी मी दिवसभर त्याच्या पाठीला टेकून बसले होते.