बाबांच्या रायफलीसाठी अल ऐनला

दर रविवारी बाबांशी फोनवर माझं दोन मिनिटांचं बोलणं व्हायचं. "जेवलास?" "जेवलो. तुम्ही?" "जेवलो. इकडे ऊन आहे." "बरं." खलास. भांडण वगैरे काही नाही, विषयच नसायचा.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या टीमबरोबर एका इनडोअर रेंजवर रायफल चालवून आलो आणि सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून तेच सांगितलं. बाबा एकदम जागे झाले. "गोळी कसली होती? टोक मऊ की कडक?" मला काय डोंबल माहीत! पण त्या दिवशी आम्ही पंचवीस मिनिटं बोललो.

बाबा संगमेश्वरजवळ आमच्या गावी एकटे राहतात. रानडुकरं भात लोळवून टाकतात, म्हणून आजोबांच्या वेळेपासून घरात परवान्याची रायफल आहे. वनखात्याची परवानगी काढून बाबा डुक्कर मारायचे आणि मला त्या रायफलीला बोटही लावू द्यायचे नाहीत. या वर्षभरात मात्र दर रविवारी विषय तोच: नळी, गोळी, नेम. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "रायफल तुझ्या नावावर करू. पण आधी तुझा नेम कळू दे." सेहेचाळिसाव्या वर्षी वडिलांनी परीक्षा लावली, आणि मला नापास व्हायचं नव्हतं.

म्हणून दुबईहून अल ऐन. तिथे उघड्यावरची शंभर मीटरची रेंज आहे. ऑफिसातला कुलकर्णी बरोबर यायचा होता. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "अरे, मुलीची स्विमिंगची मीट निघाली. तू हो पुढे, नेक्स्ट टाइम पक्का. इन्शाल्ला." इथे इन्शाल्ला म्हटलं की माणूस येणार नाही हे पक्कं समजावं. शनिवारी सकाळी साडेसहाला ऊद मेथा या माझ्या वस्तीतून एकटाच निघालो. मुलीच्या शाळेसाठी तिथे घर घेतलं होतं. शाळा अजून खिडकीतून दिसते, पण मुलगी आणि बायको दोन वर्षांपासून पुण्यात आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. रस्ता दीड तासाचा, सरळसोट. दोन्ही बाजूंना उंटांसाठी कुंपण आणि जागोजागी कॅमेरे, तेव्हा पाय आवरा. ये-जा पेट्रोल साठ दिरहम, म्हणजे साधारण चौदाशे रुपये. नोव्हेंबर ते मार्च जा, आधी फोन करून वेळ घ्या, एमिरेट्स आयडी मूळ न्या, बंद बूट घाला. रायफल आणि गोळ्या त्यांच्याच. फायरिंग लाइनवर फोन चालत नाही. इथे शिकारीला बंदी आहे, हौशी लोक परदेशी जाऊन करतात. सराव मात्र इथेच.

शिकवायला गुरुंगजी होते, नेपाळचे निवृत्त फौजी. मी दहा गोळ्या झाडल्या आणि कागदावर तीनच लागल्या. पुढची गोळी त्यांनी स्वतः भरून दिली. मी घोडा ओढला तर नुसतं टक् झालं, आणि नळी मात्र वीतभर खाली गेली. त्यांनी मुद्दामच रिकामं काडतूस भरलं होतं.

"देखा? धमाका हुआ नहीं, फिर भी आप डर गए," ते म्हणाले. "भरी है कि खाली, हाथ को पता नहीं चलना चाहिए."

दुपारपर्यंत ते अधूनमधून गुपचूप रिकामं काडतूस घालत राहिले आणि मी फसत राहिलो. शेवटच्या तासात फसणं कमी झालं.

शेजारच्या जागेवर एक म्हातारे एमिराती होते, अबू राशिद. पुढच्या महिन्यात परदेशी हरणाच्या शिकारीला जाणार होते. एक गोळी झाडायची, मग वीस मिनिटं खुर्चीत बसून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायचा, मग दुसरी. मला वाटलं, वयामुळे दमत असतील.

"नहीं हबीबी, नली ठंडा करता हूँ," ते म्हणाले. "जानवर तुमको वार्मअप नहीं देता. ठंडा नली का पहला गोली, वही गिनो."

बाबांचा प्रश्न मी त्यांना विचारला, मऊ की कडक? त्यांनी खिशातून जुनी, झाडलेली एक गोळी काढली. टोक फुलून मागे वळलं होतं. ते म्हणाले, कडक कवचाची गोळी सराव आणि स्पर्धेसाठी. ती आरपार जाते आणि जखमी जनावर दोन दिवस रानात तडफडतं. मऊ टोकाची आत फुलते, जनावर जागच्या जागी पडतं. आणि ज्या गोळीने शिकार करायची तिनेच सराव करायचा, कारण प्रत्येक प्रकारची गोळी वेगळ्या जागी लागते. मी मऊ टोकाच्या पाच घेतल्या, तीस दिरहमला एक. सातशे वीस रुपयांचा एकेक बार! पण खरंच त्या दोन इंच खाली लागल्या. गुरुंगजींनी रायफलीवरची दुर्बीण तेवढी वर करून दिली. चार झाडल्या, पाचवी उद्यासाठी काउंटरवर ठेवली.

"आपके लड़के आते हैं यहाँ?" मी अबू राशिदना विचारलं.

"बिझी है सब," ते म्हणाले आणि मला दुसरा खजूर दिला.

संध्याकाळी एका पाकिस्तानी हॉटेलात डाळ, रोटी, सॅलड, बावीस दिरहम. वेटरने दोन ग्लास ठेवले. "कोई और आएगा सर?" नाही म्हटल्यावर त्याने एक उचलून नेला. मला त्या क्षणी फार एकटं वाटलं. दुबईत रोजच एकटा जेवतो, पण तिथे दुसरा ग्लास कोणी मांडत नाही. मुलीला मुक्कामाच्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या जबल हफीत डोंगराचा फोटो पाठवला. "कूल, बाबा. टेक केअर," असं उत्तर आलं. खोली दोनशे वीस दिरहमची, स्वच्छ होती.

रविवारी सकाळी आठला रेंजवर गेलो तेव्हा अबू राशिद आलेले नव्हते. नळी गार होती. बाकावर टेकून बसलो, अर्धा श्वास सोडला आणि बोट हळूहळू आवळलं. बार कधी झाला ते मलाच कळलं नाही. गुरुंगजींनी दुर्बिणीतून पाहिलं, कागद काढून आणला आणि बोट त्याच्या मधोमध ठेवलं. मी आणखी एकही गोळी मागितली नाही. कागद गुंडाळून घेतला. आठवण म्हणून रिकामं काडतूस मात्र खिशात टाकू नका, विमानतळावर नसतं लचांड होईल.

दुपारी घरी पोहोचलो आणि बूट न काढताच फोन लावला. शेजारच्या वैशालीवहिनींनी उचलला. बाबांना रोज भाकरी त्याच करून देतात.

"काका गोठ्याकडं गेलेत, येतीलच. काय विशेष?"

म्हटलं, रायफल शिकायला गेलो होतो, आता बाबांची रायफल माझ्या नावावर करायची आहे.

"कुठली रायफल, भावजी? ती तर यंदाच्या नाही, त्याच्या मागच्या गणपतीच्या आधीच पोलीस ठाण्यात जमा केली त्यांनी. परवानापण परत दिला. हात कापतो ना. मीच रिक्षात बसवून दिलं होतं. तुम्हाला बोलले नाहीत?"

म्हणजे आमचं ते पंचवीस मिनिटांचं बोलणं झालं, त्याच्याही आधी.

तेवढ्यात बाबा आले. धाप लागली होती. "हां, बोल. पहिली कुठं लागली?"

"मधोमध," मी म्हणालो. "गार नळीवर."

"आणि गोळी?"

"मऊ टोकाची."

मग वारा, अंतर, श्वास, सगळं त्यांनी विचारलं आणि सगळं मी सांगितलं. रिकाम्या काडतुसाच्या युक्तीवर ते खूप हसले. फोन ठेवायची वेळ झाली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. कागद आता स्वयंपाकघराच्या दाराला लावलाय. मे महिन्याचं तिकीट त्याच संध्याकाळी काढलं.

"मी तेलपाणी करून ठेवतो तिला," बाबा शेवटी म्हणाले. "आणि मऊ टोकाच्या गोळ्या आणून ठेवतो. एक डबा पुरेल ना?"

"दोन आणा," मी म्हणालो.