हमीदभाईंचा आवाज

हमीदभाई मंडईत भाजी घेतानासुद्धा विरामचिन्हं उच्चारून बोलत. "मेथीची एक जुडी, स्वल्पविराम, पाव किलो मिरची, पूर्णविराम," असं ऐकलं की भोरच्या भाजीवाल्या हसत आणि चार मिरच्या वर टाकत. मस्करीत सुरू झालेलं हे बोलणं पुढं त्यांच्या अंगवळणीच पडलं. आमच्या मासिकाचे ते प्रूफरीडर. त्यांनी मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि समोरच्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. मी उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "ताई, डोळा लबाड असतोय. त्याला पायजे तेच दिसतं. कान तसं न्हाई करत."

आवाज भरदार होता. उत्रोलीच्या भातावरचा लेख त्यांनी वाचला की आम्हाला अवेळी भूक लागायची. सगळं ऐकून-वाचून त्यांनी "सोडा" म्हटलं की मगच पान छपाईला जाई. एकदा संपादकांनी घाईघाईत स्वतःच्या अग्रलेखाचं पान परस्पर पाठवलं, तर हे छापखान्यात जाऊन ते परत घेऊन आले. "मासिक तुमचं हाय साहेब, पर पान माजं हाय." संपादक हात जोडून हसले आणि ऐकायला बसले.

हा आवाज पुढं बसायला लागला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग पुण्याच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन केलं तर आवाज जाणार होता. हमीदभाईंनी डॉक्टरांकडे थोडी मुदत मागितली. नसरापूरला दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी, रुबीना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. ती आपणच द्यायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "एवढी अजान झाली की घसा डॉक्टरचा," ते मला म्हणाले. डॉक्टर कुरकुरत तयार झाले, पण तोवर बोलणं बंद, असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून कचेरीत मी वाचायची आणि हमीदभाई ऐकायचे. स्वल्पविरामाला ते करंगळी हलवत, पूर्णविरामाला टेबलावर बोट टेकवत. एरवी हसू आलं असतं.

त्याच सुमारास मासिक बंद करायचं ठरलं. वर्गणीदारच उरले नव्हते. भोर-वेल्ह्यातली गावं, घाटवाटा, जत्रा, भाताच्या जाती यांवर इतकी वर्षं छापलेलं रद्दीत जाऊ नये, म्हणून इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात ते लिहिण्याची कार्यशाळा मी ठरवली. शिकवायला पुण्याहून मृणाल आली. एसटी स्टँडजवळच्या संगणक क्लासची खोली एका दिवसापुरती मिळाली. मासिकाची माणसं आणि वेल्ह्याकडून सकाळच्या गाडीनं आलेले आमचे जुने लेखक जरा बिचकतच संगणकांपुढं बसले.

आमची मासिकाची सवय सुटता सुटेना. वेल्ह्याकडच्या जगताप गुरुजींनी आपल्या गावावर झकास लिहिलं आणि शेवटी टाकलं, 'एकदा अवश्य यावे, जेवल्याशिवाय सोडणार नाही.' मृणालनं ते वाक्य खोडायला लावलं, तेव्हा गुरुजींचा चेहरा दारात आलेला पाहुणा परत पाठवल्यासारखा झाला. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव येत नाही, हे कळल्यावर तर सगळ्यांचे हात कळफलकावरून खाली आले. हमीदभाईंना राहवलं नाही. ते हळूच म्हणाले, "आता समदेच आमच्या प्रूफवाल्यांच्या जातीचे झाले की, बिननावाचे."

मृणाल दर थोड्या वेळानं सांगत होती, लिहिलेलं जतन करा, चुका मागाहून कुणीही सुधारू शकतं. मान सगळ्यांनी डोलावली, बटण कुणीही दाबलं नाही. हमीदभाईंनी ऐकल्याशिवाय पान सोडायचं म्हणजे काय! ते एकेका संगणकापाशी जात, लिहिणारा वाचून दाखवी, हे करंगळी हलवत. सगळी पानं ऐकून झाली की अंक सोडतात तशी एकदम सोडायची, असं त्यांनी खुणेनं सांगून ठेवलं होतं. शेवटचं पान चाललेलं असताना वीज गेली. भारनियमन संध्याकाळी असायचं, त्या दिवशी दुपारीच झालं. यूपीएस नावालाच होते. सगळे पडदे काळे झाले आणि दिवसभराचं लिखाण गेलं.

वीज परत आली तेव्हा वेल्ह्याच्या शेवटच्या गाडीला फार वेळ उरला नव्हता. गुरुजींनी पिशवी उचलली. "जाऊ द्या. आमच्या गावाच्या नशिबातच न्हाई ते." हमीदभाई उठले आणि त्यांनी ती पिशवी खाली ठेवली. "चूक माजी हाय. पानं म्या अडवली," ते मोठ्यानं म्हणाले. आणि गुरुजींचा लेख पहिल्या वाक्यापासून सांगू लागले. जन्मभर कानानं काम केलेला माणूस! कुठं अडले तर लिहिणारा शब्द पुरवी, की पुढचं वाक्य त्यांच्याकडं तयार असे. ज्याचा लेख तो धडाधड टंकू लागला. एक पान झालं, लगेच जतन केलं, दुसरं झालं. मी त्यांची बाही धरली. "हमीदभाई, पुरे. रुबीनाचा विचार करा."

"ताई, ही माणसं परत यायची न्हाईत. तुमी गप लिवा."

त्यांनी पाणी पीत पीत सांगितलं, मग कुजबुजत सांगितलं. शेवटच्या लेखाला ते लिहिणाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. "सोडा" त्यांना म्हणता आलं नाही, नुसता हात हलला. शेवटचं बटण दाबलं गेलं.

थोड्याच दिवसांत रुबीनाला मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा हमीदभाई हातपाय धुऊन, टोपी घालून उभे होते. त्यांनी बाळ हातात घेतलं, त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. ओठ हलले. आवाज आला नाही. ते थांबले, घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली. मग त्यांनी बाळ जावयाच्या हातात दिलं आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. जावयानं अजान दिली. रुबीना म्हणाली, "अब्बा, तिनं ऐकलं तुमचं." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

आवाज तसाही जाणारच होता, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. हमीदभाई त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. ते गेले तेव्हा मला पोरकं वाटलं.

मी भेटायला गेले तर रुबीना मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कार्यशाळेच्या त्या दिवसाबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती. आज तिनंच विचारलं, "ताई, अब्बांनी कुणाकुणाची गावं सांगितली होती तेव्हा?" मी एकेक नाव सांगितलं. तिनं सगळी शांतपणे ऐकून घेतली. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "चांगलं झालं. आवाज सगळ्यांना पुरला. माझ्याच पोरीला उरला नाही."