संत्र्याच्या लाकडावरचं वाळवंट

लाकडाची कपची उडाली की सर म्हणायचे, "गेलं." त्यात दुःख नसायचं. नाक्यावरचा माणूस गाडी सोडताना हात हलवतो, तसं. पुढची कपची उडायची. "गेलं." वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठशाच्या छपाईत, कोरून काढलेली जागा कागदावर पांढरी राहते आणि शाई लागते ती उरलेल्या लाकडाला. सरांना पांढरं फार लागायचं, कारण ते फक्त वाळवंट कोरायचे.

अमरावतीत एका शाळेच्या मागच्या खोलीत त्यांचा रविवारचा वर्ग भरायचा. सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर, शेंदूरजनाघाटचे, घरची संत्र्याची बाग. मी कॉलेजात होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि चारचौघांत तोंड उघडायची सवय नसलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव ठेवलं.

"ए कॉन्व्हेंट, जीभ घरी ठेवून आली का वं?"

मी नुसती मान हलवली.

"बरं झालं. इथं बोलणाऱ्याचं बोट कापते."

वऱ्हाडातल्या माणसाला वाळवंट कुठून सुचलं, असं तुम्हीही विचाराल. तरुणपणी ते बागेच्या मालाबरोबर ट्रकमधून बिकानेरकडे गेले होते. वाळूच्या कडेला ट्रक बंद पडला. ड्रायव्हर सुटा भाग आणायला गेला आणि माल राखायला हे राहिले. तिथल्या गावात एक जण कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरत बसायचा. सर त्याच्याजवळ जाऊन बसले ते उठलेच नाहीत.

"ट्रकातली संत्री सडली आन् मी बिघडलो," ते सांगायचे.

"मंग बाबा काय म्हणाले, सर?" कोणीतरी दरवेळी विचारायचंच.

"म्हणते काय? जोडा काढला."

आमच्यापैकी कोणीच वाळवंट पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या ठशांत आम्ही सगळ्यांनी, न ठरवता, जमिनीला भेगा कोरल्या. उन्हाळ्यातली जमीन म्हणजे भेगा, एवढंच आम्हाला माहीत. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा, वाळूले भेगा पडते काय? थे आपल्या काळ्या मातीचं काम हाय. वाळू फाटत नाई, सरकते!"

लाकूड ते घरूनच आणायचे. दर उन्हाळ्यात बागेत एखादं झाड वाळायचं, त्याच्या हातभर फळ्या पाडून, पोत्यात गुंडाळून एसटीने. कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, सरपण टपावर टाका." सर पोतं मांडीवर घेऊन बसायचे. "सरपण नाई बाप्पा, पोरायच्या वह्या हायेत." पिवळट, घट्ट लाकूड. बारीकातली बारीक रेघ धरून ठेवायचं.

ती वर्षं वाईट होती, पिकं जाण्याची आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. वर्गात सकाळचा पेपर कोणी उघडत नसे. खेड्यांतून येणारी मुलं मधेच यायची बंद झाली, तर सर त्यांची हत्यारं पुसून ठेवायचे आणि चौकशी करायचे नाहीत.

संत्र्याला बहर यावा म्हणून हिवाळ्यात बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की पुन्हा पाणी सोडायचं. तहानलेलं झाड मग फुलांनी भरून जातं. ही रीत जुनी, सगळ्या गावाची. त्या वर्षीही सरांनी ताण दिला, मग पाणी सोडलं, कळ्या फुटल्या, आणि बोअरचं पाणी बंद झालं.

सर वर्गाला येईनात तेव्हा आम्ही काही जण त्यांच्याकडे गेलो. बाग पांढरीशुभ्र फुलली होती. आमच्यातली एक जण फाटकातूनच ओरडली, "काय वास आहे!"

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दाराजवळच्या झाडाला भांडी विसळलेलं पाणी घालत होत्या. "या ना बापा. खा पोटभर वास. यंदा थोच हाय."

सर एका झाडाखाली बसले होते. बाजूला नवं बोअर मारल्याचा ढीग होता, कोरड्या, राखाडी भुकटीचा. टँकरवाला दोनदा येऊन गेला आणि मग त्यालाच कुठे पाणी मिळेना. वर फुलांत मधमाश्यांचा नुसता आवाज चालला होता. सर वर बघत म्हणाले, "या झाडायले कोण सांगन आता, पाणी नाई म्हून?"

काही तरी बोलावं असं मला फार वाटलं. डोक्यात शब्द आले ते इंग्रजी. ते तिथे कसे काढणार?

"ताण म्या देल्ला," सर म्हणाले.

"तुमी एकट्यानं देल्ला का?" काकू तिकडून म्हणाल्या. "गावानं देल्ला. दरसाल देतेत."

हे त्यांचं आधीही बऱ्याचदा बोलून झालं असावं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात सर एकदाच आले, टेम्पोने. बाग तोडली होती. फळ्या उतरवता उतरवता खोलीची एक भिंत भरली. मी एक फळी घेऊन हत्यार लावणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ओलं हाय, पोट्टे. आता कोरशीन तं फाटन. वर्षभर सावलीत राहू दे."

"सर, एवढ्या फळ्यांत तर अख्खा राजस्थान कोरून होईल," एक मुलगा त्यांना हसवायला म्हणाला. सर हसले, अगदी मनापासून. मग नळाखाली बराच वेळ हात धुवत राहिले. त्यानंतर ते आले नाहीत. दोघं अकोल्याला मुलीकडे राहायला गेली.

फळ्या वाळल्यावर मी एक कोरली आणि पहिला ठसा घेऊन अकोल्याला गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीला जाळी. काकूंनी चहा ठेवला. "लग्न झालं का वं, का अजून लाकूडच तासून राहिली?"

मी कागद सरांपुढे धरला. वाळूच्या लाटा मी जीव ओतून कोरल्या होत्या. त्यांनी लाटांकडे पाहिलंच नाही. वरच्या काळ्या आभाळात लाकडाच्या अंगच्याच रेषा उमटल्या होत्या. कागद खिडकीशी नेऊन ते त्या रेषांवरून बोट फिरवू लागले.

"कोणतं झाड हे?"

मला माहीत नव्हतं. फळ्यांवर तशी काही खूण नव्हती.

"विहिरीजवळचं असन," ते म्हणाले.

काकू पदराला हात पुसत आल्या. "विहिरीजवळचं कुठचं? बांधावरचं हाय. हे गाठ पाहा ना."

"बांधावरच्याले गाठ होती काय?"

"मंग कोणाले होती?"

दोघांनी कागदाची एकेक कड धरली होती. ती दोघं बराच वेळ पाहत राहिली, आणि त्यांना ते झाड ओळखू येईना.